नवसाचे चर्च: पॅरिसच्या पँथिऑनची कथा

पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या तीरावर, लॅटिन क्वार्टरमधील टेकडीवर पँथिऑनची इमारत उभी आहे. नवअभिजात वास्तुशैलीतील युरोपातल्या आरंभीच्या आणि सर्वांत प्रभावी इमारतींत तिची गणना होते. व्हॉल्तेअर, रूसो, व्हिक्टर ह्यूगो, एमिल झोला, मारी क्यूरी यांच्या समाध्या तिच्या तळघरात आहेत. मात्र इमारतीचा पाया घातला गेला तो संत जनव्हिएव हिच्या नावाच्या चर्चसाठी. १७९१ ते १८८५ या काळात चर्च आणि राष्ट्रीय स्मारक या दोन रूपांत तिची पाच वेळा अदलाबदल झाली. फ्रान्समध्ये सत्ता बदलली की या इमारतीचे नाव, तिच्या दर्शनी भागावरचे शिल्प आणि आतला देव, सगळेच बदलत असे.

राजाचा नवस

संत जनव्हिएव ही पॅरिसची रक्षणकर्ती मानली जाते. इ. स. ४५१ मध्ये हूणांचा राजा अटिला चालून येत असताना भेदरलेल्या नगरजनांना तिने धीर दिला आणि शहर वाचले, अशी श्रद्धा आहे. तिचे दफन या टेकडीवर झाले आणि फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याने सहाव्या शतकाच्या आरंभी तेथे चर्च उभारले. पुढे त्याभोवती मठ वाढला. पूर, दुष्काळ किंवा साथ आली की संत जनव्हिएवच्या अस्थींची पेटी मिरवणुकीने शहरात नेण्याची प्रथा अठराव्या शतकापर्यंत चालू होती. तोवर जुने चर्च मात्र पार मोडकळीस आले होते.

१७४४ च्या ऑगस्टमध्ये युद्धाच्या धामधुमीत पंधरावा लुई मेत्स येथे अत्यवस्थ झाला. दुखण्यातून उठलो तर संत जनव्हिएवचे चर्च नव्याने बांधीन, असा नवस त्याने केला. राजा बरा झाला, पण नवस फेडायला दहा वर्षे गेली. राजाच्या इमारतींचा कारभार पाहणारा मार्क्विस द मारिन्यी हा राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिचा भाऊ. त्याने १७५५ मध्ये हे काम झाक जेर्मँ सुफ्लो या वास्तुकाराकडे सोपवले. खर्चासाठी सरकारी लॉटरीच्या तिकिटांची किंमत वाढवण्यात आली आणि वाढीव रक्कम बांधकामाकडे वळवली गेली. त्यामुळे राजाच्या नवसाचा बराचसा भार लॉटरी खेळणाऱ्या प्रजेच्या खिशावर पडला.

सुफ्लोचा आराखडा

सुफ्लोचा जन्म १७१३ मध्ये बर्गंडीतील इरांसी या गावी झाला. तरुणपणी तो रोमला शिकला आणि परतल्यावर लियाँ शहरात त्याने नाव कमावले. तेथील ओतेल द्यू या रुग्णालयाची नदीकाठची भव्य इमारत त्याचीच. १७४९ मध्ये मारिन्यीला कलाशिक्षणासाठी इटलीत पाठवण्यात आले, तेव्हा सोबत गेलेल्या जाणकारांमध्ये सुफ्लो होता. याच सफरीत त्याने दक्षिण इटलीतील पेस्तुम येथील प्राचीन ग्रीक मंदिरे पाहिली व मोजली. त्या काळी फार थोड्या वास्तुकारांनी खरे ग्रीक मंदिर डोळ्यांनी पाहिले होते.

ग्रीक वास्तुकलेइतकीच त्याला गॉथिक बांधणीतही रुची होती. अठराव्या शतकातले बहुतेक अभिरुचिसंपन्न लोक गॉथिक चर्चेस रानटी काळाची मानून नाके मुरडत. सुफ्लोने मात्र १७४१ मध्येच लियाँच्या अकादमीत गॉथिक स्थापत्यावर निबंध वाचला होता. सजावटीपेक्षा त्या बांधणीतील काटकसर त्याला महत्त्वाची वाटे. इतक्या बारीक खांबांवर इतकी उंच छते कशी तोलली जातात, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. ग्रीक वास्तुकलेची शुद्धता व भव्यता आणि गॉथिक बांधणीचा हलकेपणा एकत्र आणणे हा सुफ्लोचा हेतू होता, असे त्याचा सहकारी ब्रेबियाँ याने पुढे नोंदवून ठेवले.

हा विचार त्या काळाच्या हवेतही होता. मार्क आंत्वान लोजिए या पाद्र्याने १७५३ मध्ये वास्तुकलेवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. खांब शोभेपुरता भिंतीला चिकटवलेला नसावा, त्याने खरोखर भार पेलावा, असा त्याचा आग्रह होता. सुफ्लोच्या आराखड्यात त्याला हा आदर्श प्रत्यक्षात उतरलेला दिसला आणि त्याने त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

चार भुजा जवळजवळ सारख्या असलेल्या ग्रीक क्रुसाच्या आकाराचे चर्च आणि मध्यभागी घुमट, अशी सुफ्लोची मूळ कल्पना होती. मठातील धर्मगुरूंना ती पसंत पडली नाही. मिरवणुकीला व उपासनेला लांब दालन हवे, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा प्रवेशाची आणि वेदीची अशा दोन भुजा वाढवण्यात आल्या आणि वेदीच्या बाजूला दोन घंटाघरेही आली. आज इमारतीची लांबी ११० मीटर, रुंदी ८४ मीटर आणि उंची ८३ मीटर आहे.

समोरचा मंडप रोममधल्या प्राचीन पँथिऑनची आठवण करून देतो. त्यात कॉरिंथियन पद्धतीचे २२ उंच खांब असून दर्शनी ओळीत सहा आहेत. त्यांवर मोठा त्रिकोणी शीर्षभाग आहे. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना सुट्या खांबांच्या रांगा दिसतात. प्रत्येक भुजेवरचे छत उथळ घुमट्यांचे आहे आणि या सर्वांचा भार खांब घेतात, त्यामुळे आतल्या जागेत जाड भिंतींचा अडथळा येत नाही. मूळ रचनेत बाहेरच्या भिंतींना मोठमोठ्या खिडक्या होत्या आणि खांबांच्या रांगांमधून प्रकाश आत पसरत असे.

गॉथिक कारागिरीचा वारसा बाहेरून दिसत नाही. गॉथिक चर्चमध्ये छताचा बाहेरच्या बाजूला पडणारा रेटा भिंतीबाहेरच्या तिरप्या आधारकमानी झेलतात. सुफ्लोनेही अशा कमानी बांधल्या, पण भिंती वर चढवून त्यांच्याआड त्या लपवल्या. रस्त्यावरून पाहणाऱ्याला सरळ, शांत ग्रीक भिंत दिसते आणि छपरावर चढणाऱ्याला मध्ययुगीन चर्चचा सांगाडा दिसतो. दर्शनी मंडपातही अशीच युक्ती आहे. दोन खांबांवर एकच अखंड दगडी तुळई टाकण्याइतके मोठे दगड मिळणे अवघड होते. म्हणून लहान चिरे एकमेकांत बसवून आणि त्यांतून लोखंडी गज व आकडे ओवून तुळया तयार करण्यात आल्या. दगड आणि लोखंड यांची ही सांगड पुढच्या काळातील प्रबलित बांधकामाचे पूर्वरूप मानली जाते.

पाया आणि कोनशिला

१७५७ च्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि लगेच अडचण उभी राहिली. टेकडीच्या पोटात ठिकठिकाणी विहिरींसारखे खोल खड्डे निघाले. रोमन काळात येथील कुंभारांनी मातीसाठी ते खणले होते. ते सगळे बुजवून पाया भक्कम करण्यात काही वर्षे गेली. तळघराचे बांधकाम पुरे झाल्यावर ६ सप्टेंबर १७६४ रोजी पंधराव्या लुईच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. त्या दिवशी राजाला आणि जमलेल्या लोकांना चर्च कसे दिसेल हे कळावे म्हणून दर्शनी मंडपाची प्रत्यक्ष आकाराची प्रतिकृती सांगाड्यावर कापड ताणून उभारण्यात आली. तिच्यावरचे रंगकाम चित्रकार पिएर आंत्वान दमाशी याने केले आणि त्या सोहळ्याचे चित्रही त्यानेच काढले. चर्चची भिंत जमिनीबाहेर येण्याआधी तिचे रूप पॅरिसकरांनी असे कापडावर पाहिले.

घुमटाचा वाद

चर्चच्या मधोमध, चार भुजा जिथे मिळतात तिथे चार त्रिकोणी आधारस्तंभ होते आणि प्रत्येकाला तीन खांब जोडलेले होते. सारा घुमट या चार स्तंभांवर उभा राहायचा होता. रोमच्या सेंट पीटर्स किंवा लंडनच्या सेंट पॉल्स या चर्चमधील स्तंभांच्या मानाने ते फारच सडपातळ होते. १७७० मध्ये पिएर पात या वास्तुकाराने एक पुस्तिका काढून उघड आव्हान दिले. जुन्या घुमटांच्या मापांशी तुलना करून त्याने हे स्तंभ घुमटाचा भार पेलू शकणार नाहीत असे बजावले.

तोपर्यंत असे वाद पूर्वीच्या इमारतींचे दाखले देऊन मिटत. हा वाद मात्र गणिताच्या आणि प्रयोगाच्या मैदानात गेला. पूल व रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांच्या शाळेचा प्रमुख पेरोने याने सुफ्लोची बाजू घेतली. एमिलाँ गोते या अभियंत्याने १७७१ मध्ये यंत्रशास्त्राच्या आधारे कमानी व घुमटांचे गणित मांडून पातला उत्तर दिले. कोणत्या खाणीचा दगड किती दाबाखाली चिरडतो हे मोजण्यासाठी खास यंत्रे बनवण्यात आली आणि दगडाच्या नमुन्यांवर चाचण्या झाल्या. साहित्याची ताकद मोजून त्यावरून बांधकामाची मापे ठरवण्याच्या पद्धतीच्या इतिहासात या वादाला महत्त्वाचे स्थान आहे.

गणित सुफ्लोच्या बाजूचे होते, पण पाथरवटांच्या हातून चूक झाली. स्तंभांचे चिरे बाहेरून अगदी बारीक दरजांनी जुळलेले दिसावेत म्हणून त्यांच्या कडा नेमक्या तासल्या गेल्या आणि मधला भाग किंचित खोलगट ठेवला गेला. त्यामुळे चिऱ्याच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरायला हवा होता तो भार कडांवर एकवटला. सुफ्लोच्या हयातीतच कडांचे टवके उडू लागले आणि चिरा दिसू लागल्या. पातला अर्थातच आपले म्हणणे खरे ठरल्याचे वाटले.

२९ ऑगस्ट १७८० रोजी सुफ्लो वारला, तेव्हा घुमट व्हायचा होता. ब्रेबियाँ, सुफ्लोचा पुतण्या आणि झाँ बाप्तिस्त राँदले यांनी काम पुढे नेले. बांधकामातील बारकाव्यांवर राँदलेची हुकमत होती आणि खरी धुरा त्यानेच वाहिली. घुमट एकात एक अशा तीन दगडी कवचांचा आहे. सर्वांत आतले कवच नक्षीदार चौकटींचे असून त्याच्या माथ्यावर गोल झरोका आहे. मधले कवच त्या झरोक्यातून वर पाहताना दिसते आणि शिखरावरच्या मनोऱ्याचा भार तेच उचलते. बाहेरचे कवच शिशाच्या पत्र्यांनी मढवलेले आहे. घुमटाखालच्या गोलाकार गळ्याभोवती ३२ खांबांचे कडे आहे. १७९० मध्ये बांधकाम पूर्ण झाले. चिरा वाढत राहिल्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राँदलेने स्तंभांना जोडलेले खांब दगडकामात बुजवून ते जाड व भक्कम केले. सुफ्लोने आखलेला मोकळेपणा त्यात काहीसा गेला, पण घुमट वाचला.

क्रांतीचे देऊळ

इमारत पूर्ण झाली तेव्हा फ्रान्समध्ये राज्यक्रांतीला वर्ष उलटले होते. २ एप्रिल १७९१ रोजी क्रांतीचा मोठा वक्ता मिराबो वारला. दोनच दिवसांनी राष्ट्रीय सभेने ठराव केला की, हे चर्च यापुढे थोर पुरुषांच्या अवशेषांचे स्थान होईल. मंडपावर ‘थोर पुरुषांना कृतज्ञ मातृभूमीकडून’ या आशयाची अक्षरे कोरण्याचे ठरले. नव्या चर्चमध्ये संत जनव्हिएवच्या अस्थी तोवर आल्याच नव्हत्या. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी त्या शहराच्या चौकात जाळून टाकल्या.

रूपांतराचे काम कात्रमेर द कँसी या कलाविद्वानाकडे देण्यात आले. समाधिस्थानाला शोभेसा गंभीर अंधार हवा, या विचाराने त्याने जवळजवळ चाळीस खिडक्या चिणून टाकल्या. दोन्ही घंटाघरे पाडली. धार्मिक शिल्पे काढून त्या जागी मातृभूमी आणि नागरी सद्गुण यांची शिल्पे आली. आज इमारतीच्या बाहेरच्या भिंती कोऱ्या, किल्ल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. पाहणारे पुष्कळदा या भिंतींना सुफ्लोची कठोर अभिरुची समजून बसतात, पण प्रकाशाने भरलेले चर्च हेच त्याचे स्वप्न होते.

११ जुलै १७९१ रोजी व्हॉल्तेअरचे अवशेष मोठ्या मिरवणुकीने येथे आणले गेले. आयुष्यभर चर्चच्या सत्तेवर कोरडे ओढणारा लेखक संत जनव्हिएवच्या चर्चमध्ये विसावला. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये रूसोही आला. थोरपणाचा निवाडा मात्र टिकाऊ नव्हता. मिराबोचे राजाशी गुप्त संबंध असल्याचे उघडकीस आल्यावर २१ सप्टेंबर १७९४ रोजी त्याला बाहेर काढण्यात आले आणि त्याच दिवशी क्रांतिकारक नेता मारा याला आत आणले गेले. पाच महिन्यांत माराचीही रवानगी झाली. अशी फजिती पुन्हा नको म्हणून एखाद्याला मृत्यूनंतर दहा वर्षे होईपर्यंत हा मान देऊ नये, असा ठराव करण्यात आला.

वेदी आणि राष्ट्र

नेपोलियनने पोपशी समझोता केल्यावर १८०६ मध्ये मधला मार्ग काढला. वरच्या भागात कॅथलिक उपासना आणि तळघरात राज्याच्या मानकऱ्यांच्या समाध्या अशी ही वाटणी होती. त्याच्या काळात चाळीसहून अधिक सेनापती, मंत्री व अधिकारी येथे पुरले गेले. त्यांतील बहुतेकांची नावे आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कुणाला ठाऊक नाहीत.

घुमटाच्या मधल्या कवचावर चित्र काढण्याचे काम १८११ मध्ये आंत्वान झाँ ग्रो याला मिळाले. संत जनव्हिएवभोवती फ्रान्सच्या चार राजवंशांचे प्रतिनिधी दाखवायचे होते, क्लोव्हिस, शार्लमेन, नववा लुई आणि स्वतः नेपोलियन. चित्र पूर्ण होण्याआधी साम्राज्य कोसळले आणि नेपोलियनच्या जागी अठराव्या लुईचे चित्र आले. १८२४ मध्ये काम पुरे झाले तेव्हा गादीवर दहावा शार्ल होता. चित्रावर खूश होऊन त्याने ग्रोला बॅरन ही पदवी दिली.

नेपोलियननंतर गादीवर परतलेल्या बूर्बाँ राजांनी इमारत पूर्णपणे चर्चच्या हवाली केली. ३ जानेवारी १८२२ रोजी तिचे विधिपूर्वक पवित्रीकरण झाले. मंडपावरची कृतज्ञतेची अक्षरे गेली आणि शीर्षभागावर किरणांनी वेढलेला क्रूस आला. व्हॉल्तेअर आणि रूसो यांच्या शवपेट्या दर्शनी मंडपाखालच्या बंदिस्त जागेत सरकवण्यात आल्या. १८२९ मध्ये सुफ्लोच्या अस्थी तळघरात ठेवण्यात आल्या. आपल्याच इमारतीत जागा मिळायला वास्तुकाराला जवळजवळ पन्नास वर्षे थांबावे लागले.

१८३० च्या जुलै क्रांतीनंतर राजा झालेल्या लुई फिलिपने इमारत पुन्हा पँथिऑन म्हणून जाहीर केली आणि अक्षरे परत आली. दाव्हिद दांजे या शिल्पकाराने घडवलेले नवे शीर्षशिल्प १८३७ मध्ये पूर्ण झाले. तेच आजही आहे. त्यात मातृभूमी मध्यभागी उभी आहे, स्वातंत्र्य तिच्या हाती मुकुट देत आहे आणि इतिहास नावे लिहीत आहे. एका बाजूला शास्त्रज्ञ, लेखक व राजकारणी आहेत, दुसऱ्या बाजूला नेपोलियन बोनापार्टसह सैनिक. त्यांत व्हॉल्तेअर व रूसो असल्याने पॅरिसच्या आर्चबिशपने जाहीर निषेध केला.

१८५१ च्या मार्चमध्ये या इमारतीने एक वेगळाच उपयोग पाहिला. लिओं फुको या शास्त्रज्ञाने घुमटाखाली ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलो वजनाचा गोळा टांगून तो झुलवला. झोके जसजसे चालू राहिले तसतशी झोक्याची दिशा जमिनीच्या संदर्भात हळूहळू वळत गेली. पॅरिसच्या अक्षांशावर हे वळण तासाला सुमारे ११ अंश असते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा पॅरिसकरांनी गर्दी करून पाहिला. इतक्या लांब तारेसाठी शहरात यापेक्षा सोयीचे उंच छत क्वचितच सापडले असते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन याने सत्ता बळकावली आणि काही दिवसांत इमारत पुन्हा चर्चला देऊन टाकली. प्रयोग थांबला.

१८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या बंडखोरांनी घुमटावरच्या क्रुसाच्या आडव्या भुजा कापून त्यावर लाल झेंडा लावला. बंड मोडल्यावर दगडी क्रूस बसवण्यात आला. १८७४ पासून भिंतींवर भव्य चित्रे काढण्याची योजना सुरू झाली. प्युव्ही द शाव्हान याने संत जनव्हिएवच्या आयुष्यातील प्रसंग फिकट, शांत रंगांत रंगवले. इतर चित्रकारांनी क्लोव्हिस, नववा लुई आणि जोन ऑफ आर्क यांच्या कथा घेतल्या. या चित्रांना लागणाऱ्या सपाट भिंती क्रांतिकारकांनी खिडक्या चिणल्यामुळे मिळाल्या. ज्यांनी संताला हद्दपार केले, त्यांच्याच बांधकामावर तिचे चरित्र रंगले.

ह्यूगोनंतर

२२ मे १८८५ रोजी व्हिक्टर ह्यूगो वारला. प्रजासत्ताकाच्या सरकारने चार दिवसांत आदेश काढून इमारत पुन्हा थोर व्यक्तींसाठी घेतली. १ जून रोजी विजयकमानीपासून निघालेल्या अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. ह्यूगोच्या इच्छेप्रमाणे त्याचे शव गरिबाच्या साध्या गाड्यातून आणले गेले. तेव्हापासून पँथिऑनचे रूप बदललेले नाही.

यानंतरच्या नावांतून फ्रान्सने स्वतःकडे कसे पाहिले हे दिसते. १९०८ मध्ये झोला, १९५२ मध्ये अंधांची लिपी देणारा लुई ब्रेल, १९६४ मध्ये जर्मनांविरुद्धच्या प्रतिकारलढ्याचा नेता झाँ मूलाँ यांना हा मान मिळाला. स्वतःच्या कर्तृत्वाने येथे आलेली पहिली स्त्री मारी क्यूरी. पती पिएरसह तिला १९९५ मध्ये येथे आणण्यात आले. राजकारणी सिमोन व्हेल २०१८ मध्ये आणि गायिका व नर्तकी जोसेफीन बेकर २०२१ मध्ये आली. बेकरचे दफन मोनाकोत आहे. तिच्या नावाच्या शवपेटीत तिच्या आयुष्याशी निगडित ठिकाणांची माती आहे.

इमारतीचे दुखणे मात्र संपलेले नाही. मंडपात व कमानींत घातलेले लोखंड पावसाच्या पाण्याने गंजून फुगते आणि दगड फोडते. १९८५ मध्ये छताचे तुकडे खाली पडले, तेव्हा आतल्या भागाचा वापर मर्यादित करावा लागला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने डागडुजी होत आली असून घुमटाचे मोठे काम २०१३ नंतरच्या वर्षांत झाले.

संत जनव्हिएवचे मूळ चर्च १८०७ मध्ये रस्ता काढण्यासाठी पाडले गेले. त्याचा एक मनोरा शेजारच्या हेन्री चौथा विद्यालयाच्या आवारात उभा आहे. संताच्या स्मृतीची पूजा आता पलीकडच्या सेंत एतिएन द्यू माँ या चर्चमध्ये होते. पँथिऑनमध्ये वेदीच्या जागी सिकारने घडवलेले क्रांतीच्या राष्ट्रीय संमेलनाचे शिल्प आहे आणि त्याच्या वर, अर्धगोल छतावर, एबेरच्या मोझेइकमधला ख्रिस्त आहे. दोघांपैकी कुणालाही हलवण्यात आलेले नाही.

क्रांतीच्या काळात नोत्रदाम कथेड्रललाही काही काळ ‘विवेकाचे देऊळ’ केले गेले होते, पण तो बदल अंगी लागला नाही आणि ते पुन्हा चर्च झाले. सुफ्लोची इमारत मात्र दोन्ही भूमिकांत सहज सामावली. ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या मंदिरांची भाषा त्याने चर्चसाठी वापरली होती. नाव व शिल्पे काढून घेतली की उरत होते ते कोणत्याही एका देवाचे नसलेले भव्य देऊळ. म्हणूनच राजाचा नवस प्रजासत्ताकाला चालला, आणि घुमटावरचा क्रूस व मंडपावरची मातृभूमीच्या कृतज्ञतेची अक्षरे आज एकाच इमारतीवर नांदत आहेत.